खापरांत मुरलेलं दूध

माणसाच्या अलीकडच्या उत्क्रांतीचं एकच उदाहरण द्यायचं झालं, तर पाठ्यपुस्तकं बहुधा दुधाचं देतात. माणसाने गायी-शेळ्या पाळल्या, त्यांचं दूध प्यायला सुरुवात केली. मोठेपणीही ज्यांना दूध पचायचं ते अधिक सुदृढ राहिले, त्यांची मुलंबाळं अधिक जगली आणि तो गुण पिढ्यानपिढ्या पसरत गेला. गोष्ट सुटसुटीत आहे, पटकन पटते. इतकी पटते की तिच्या मधल्या कड्या तपासून पाहाव्यात असं बराच काळ फारसं कुणाला वाटलं नाही.

२७ जुलै २०२२ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने ते केलं. ‘डेअरीइंग, डिसीझेस अँड दि इव्होल्यूशन ऑफ लॅक्टेज पर्सिस्टन्स इन युरोप’ हे त्याचं नाव. ब्रिस्टल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड एव्हरशेड, तिथलेच साथरोगतज्ज्ञ जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे उत्क्रांती-आनुवंशिकीचे अभ्यासक मार्क थॉमस हे या कामाचे सूत्रधार, आणि त्यांच्यासोबत शंभराहून अधिक सहलेखक. शास्त्रीय निबंधाचं रसग्रहण करता येतं का, असं कुणी विचारलं तर मी हाच निबंध पुढे करीन. यात अलंकार नाहीत, भाषा कोरडी आहे, आकडे भरपूर आहेत. पण युक्तिवादाची रचना अशी, की वाचताना आपली एकेक समजूत आपल्या डोळ्यांदेखत गळून पडते, आणि शेवटी हाती येतं ते आधीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी दुःखद आणि कितीतरी खरं वाटतं.

निबंधात शिरण्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं. जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाकडे हे विकर असतं. अंगावरचं दूध सुटल्यानंतर ते हळूहळू कमी होत जातं. सस्तन प्राण्यांचा हा सर्वसाधारण नियम आहे आणि जगातली सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसं आजही याच नियमात बसतात. उरलेल्यांमध्ये मात्र लॅक्टेज आयुष्यभर तयार होत राहतं. लॅक्टेजचं जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. २००२ साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून नबील एनत्ताह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यामागचं कारण सापडलं. जनुकाच्या १३,९१० अक्षरं अलीकडे, शेजारच्या दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात, ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेलं आहे. लॅक्टेजचं जनुक स्वतः जसंच्या तसं आहे; ते बंद करण्याची वेळ तेवढी या एका अक्षराने रद्द केली. पुढे २००७ मध्ये सारा टिश्कॉफ यांच्या गटाने टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या लोकांत जवळपास त्याच जागी तीन वेगळे बदल दाखवले. म्हणजे दूध पचवण्याचा हा गुण माणसांत एकदाच नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उपजला आणि प्रत्येक ठिकाणी वेगाने वाढला. अवघ्या काही हजार वर्षांत एखादा बदल इतका पसरतो, तेव्हा तो नसलेल्यांना फार मोठी किंमत मोजावी लागलेली असते. ती किंमत कोणती, हाच निबंधाचा प्रश्न.

निबंधाची पहिली चाल मला सर्वांत देखणी वाटते. दुधाने जनुक वाढवलं असं म्हणता, तर आधी दूध कुठे, केव्हा आणि किती वापरलं जात होतं ते दाखवा, असा तिचा आग्रह आहे. दूध तर हजारो वर्षांपूर्वी सांडून, पिऊन संपलं. उरली आहेत ती खापरं. त्या काळच्या भांड्यांना आजच्यासारखी झिलई नव्हती. शिजवताना अन्नातली चरबी टिपकागदावर शाई उतरावी तशी मातीत उतरत गेली, आणि भांडं फुटून हजारो वर्षं जमिनीत पडलं तरी मातीच्या बारीक छिद्रांतली चरबी शाबूत राहिली. एव्हरशेड यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं हीच चरबी वाचायला शिकण्यात घालवली आहेत. खापराचा तुकडा दळायचा, द्रावणाने चरबी बाहेर काढायची आणि तिच्यातल्या कार्बनचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे कार्बनचे अणू, मोजायचे.

ही चरबी दुधाची की मांसाची, हे कसं कळतं, तो भाग तर थांबून वाचावा असा आहे. गाय आपल्या अंगातली चरबी तयार करते तेव्हा त्यातलं स्टिअरिक आम्ल तिचं शरीर स्वतः घडवतं. दुधाची गोष्ट वेगळी. कासेतल्या ग्रंथींना हे आम्ल बनवता येत नाही. त्या ते रक्तातून उचलतात आणि रक्तात ते चाऱ्यातून आलेलं असतं. या दोन वाटांमुळे दुधातल्या स्टिअरिक आम्लात कार्बन-१३ हा जड समस्थानिक अंगच्या चरबीपेक्षा कमी असतो. फरक हजारात काही भागांचा, पण यंत्र तो पकडतं. सात हजार वर्षांपूर्वीच्या एका मडक्यात गोमांस शिजलं की दूध तापलं, हे गायीच्या कासेच्या एका उणिवेमुळे आज आपल्याला सांगता येतं. इतका सूक्ष्म पुरावा इतक्या साध्या वस्तूत दडलेला असावा, याचं मला पुन्हा पुन्हा नवल वाटतं.

याच पद्धतीने एक जुना तर्कही खरा ठरला होता. पोलंडच्या कुयाविया भागात नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये बारीक भोकं पाडलेली मडक्यांची खापरं सापडत. पीटर बोगुकी या पुरातत्त्वज्ञाने १९८० च्या दशकातच सुचवलं होतं की ही चीज गाळायची भांडी असावीत. २०१२ मध्ये मेलानी साल्क, एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भोकांच्या खापरांत दुधाची चरबी दाखवून दिली. चीज करताना बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं, आणि उरलेल्यातलं पुष्कळसं जीवाणू खातात. लॅक्टेज नसलेल्या माणसालाही असं चीज सोसतं. म्हणजे त्या शेतकऱ्यांनी आपल्या आतड्याची अडचण हाताच्या कौशल्याने सोडवली होती, आणि तीही सात हजार वर्षांपूर्वी.

२०२२ च्या निबंधाने हे एका प्रदेशापुरतं ठेवलं नाही. ५५४ पुरातत्त्व-स्थळांवरची १३ हजारांहून अधिक खापरं आणि त्यांतून मिळालेले चरबीचे सुमारे ७,००० नमुने एकत्र करून जवळपास नऊ हजार वर्षांचा युरोपचा दुधाचा नकाशा त्यांनी उभा केला. नकाशा सांगतो की शेती युरोपात आली तेव्हापासून दूध जवळपास सगळीकडे होतं. कुठे भरपूर, कुठे बेताचं, आणि एकाच प्रदेशात काळानुसार कमीजास्त. नवाश्मयुगातल्या ब्रिटनमधली खापरं तर दुधाच्या चरबीने भरलेली आहेत.

मग दुसरी चाल. प्राचीन सांगाड्यांतून काढलेल्या डीएनएच्या आधारे, १,७०० हून अधिक माणसांमध्ये ते ‘टी’ अक्षर केव्हा दिसतं? पहिल्यांदा ते दिसतं इ. स. पू. ४७०० ते ४६०० च्या सुमारास. तेव्हाही तुरळक. ते नजरेत भरण्याइतकं वाढतं ते कांस्ययुगात आणि लोहयुगात. म्हणजे युरोपातली माणसं हजारो वर्षं दूध काढत होती, तापवत होती, खात-पीत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते तान्हेपणानंतर नीट पचत नव्हतं. हे दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, त्याला लेखक गणिताची जोड देतात. जिथे दूध जास्त तिथे नैसर्गिक निवडीचा दाब जास्त, असं धरून एक गणिती प्रतिमान (मॉडेल); दाब सगळीकडे आणि सदैव सारखाच, असं धरून दुसरं. दुधाच्या वापराची सगळी माहिती घालूनही पहिलं प्रतिमान दुसऱ्यापेक्षा काही चांगलं ठरत नाही. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट इथे कोसळते, आणि निबंध ते एका शांत वाक्यात नोंदवून पुढे जातो. आरोळी नाही, आधीच्या संशोधकांना टोमणा नाही. या लेखकांपैकी काहींनी स्वतःच आधी त्या गोष्टीवर काम केलेलं होतं, हे ध्यानात घेतलं की या संयमाचं मोल अधिक कळतं.

तिसरी चाल आजच्या माणसांकडे वळते. यूके बायोबँकेत सुमारे ५ लाख लोकांची आनुवंशिक आणि आरोग्याची माहिती आहे. लॅक्टेज टिकून राहणारे आणि न राहणारे यांच्या दूध पिण्यात फरक आहे का? अगदी किंचित. ज्यांच्याकडे ‘टी’ नाही तेही दूध पितात. त्यांचं आरोग्य खालावलेलं आहे, त्यांना मुलं कमी झाली आहेत, असं काही सातत्याने दिसतं का? नाही. उत्तरेकडच्या अंधाऱ्या देशांत ड जीवनसत्त्व कमी मिळतं, म्हणून दुधातल्या कॅल्शियमने तारलं असेल, हा १९७३ सालचा फ्लाट्झ आणि रोटहाउव्हे यांचा सिद्धान्तही या कसोटीवर बळकट ठरत नाही. पोटभर जेवणाऱ्या, स्वच्छ पाणी पिणाऱ्या माणसाला लॅक्टेज नसल्याने फार तर पोटात गुडगुडतं, वारा धरतो, कधी हगवण लागते. त्याने कुणी मरत नाही.

आणि इथेच निबंध आपली सर्वांत मोठी कल्पना मांडतो. लॅक्टेज नसणं जीवघेणं ठरतं ते माणूस आधीच मरणाच्या काठावर असताना. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे पाणी ओढून घेतं, जीवाणू त्यावर वाढतात, जुलाब होतात. धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो. पण पीक बुडालंय, कोठारात दाणा नाही, अंगात मांस उरलेलं नाही, अशा वेळी तेच जुलाब जीव घेतात. दुष्काळाचं आणखी एक कारस्थान असं, की साठवलेलं चीज, लोणी आधी संपतं. मुरवायला, विरजायला सवड उरत नाही. हाताशी असतं ते जनावराचं ताजं दूध, म्हणजे लॅक्टोजने पुरेपूर भरलेलं. ज्या वेळी आतडं सर्वांत दुबळं, त्याच वेळी त्याच्यावर सर्वांत मोठा भार पडतो.

दुसरी वाट रोगांची. वस्त्या दाटल्या, माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली आली, पाणी दूषित झालं, जनावरांचे रोग माणसांत आले. संसर्गाने आधीच जुलाब होत असलेल्या शरीरात दुधाने आणखी पाणी घालवलं. या दोन्ही वाटांच्या खुणा पुरातत्त्वात शोधायच्या कशा? लोकसंख्या जिथे वाढून कोसळली तिथे उपासमार, वस्ती जिथे दाट तिथे रोग, आणि रानटी प्राण्यांशी संपर्क किती आला होता, अशा अप्रत्यक्ष मोजमापांचा आधार लेखक घेतात. पुन्हा प्रतिमानं मांडतात. आणि ही मोजमापं ‘टी’ अक्षराची वाढ दुधाच्या वापरापेक्षा पुष्कळ चांगली समजावतात. निबंधाच्या शीर्षकात दुधाच्या लगोलग रोग का आले आहेत, हे इथे पोहोचल्यावर उलगडतं.

हा भाग मी वाचतो तेव्हा आपण सहज म्हणतो त्या एका वाक्याकडे माझं लक्ष जातं: माणसाची जनुकं आहाराशी जुळवून घेतात. कुणाचंही जनुक त्याच्या हयातीत दूध पिऊन बदललेलं नाही. ज्या आईच्या पाचापैकी एका मुलाकडे ते अक्षर होतं, त्या वर्षी तिचं तेवढंच मूल वाचलं असेल. उरलेली चार गेली. अशी वर्षं पुन्हा पुन्हा आली, शेकडो पिढ्यांत विखुरलेली, आणि आज ब्रिटन-आयर्लंडमध्ये बहुतांश लोकांना दूध पचतं, हे आपल्याला यशासारखं दिसतं. ‘अनुकूलन’ म्हणून वर्गात शिकवलेल्या एका ओळीच्या मागे किती मुलांची मरणं आहेत, हे या निबंधाने मला जितकं स्पष्ट दाखवलं तितकं इतर कुठल्याही लेखनाने दाखवलेलं नाही. तो हे भावनेने सांगत नाही. आलेख दाखवतो. आलेखातली रेषा वर चढते तिथे काय घडलं असेल, ते वाचकाने समजून घ्यायचं.

दोष नाहीत असं नाही. उपासमार थेट कुठेच दिसलेली नाही. ती लोकसंख्येच्या चढउतारातून ओळखली आहे, आणि तो चढउतार पुरातत्त्वीय तारखांच्या संख्येवरून काढला आहे. एखाद्या प्रदेशात उत्खननं कमी झाली तर तिथली माणसंही कमी दिसतील, हा धोका अशा मोजणीत कायमच असतो. दुष्काळ आणि साथ इतिहासात नेहमी हातात हात घालून येतात. त्यांतलं नेमकं कोण किती जबाबदार, हे निबंध वेगळं करू शकत नाही. गवताळ प्रदेशातून युरोपात आलेल्या पशुपालकांच्या मोठ्या स्थलांतरांचा वाटा कितपत, हेही मला पुरेसं उलगडल्यासारखं वाटत नाही. तरीही या उणिवांनी मूळ धक्का कमी होत नाही. दुधाच्या प्रमाणातून उत्तर मिळत नाही, हे त्यांनी दाखवलं ते पक्कं आहे. मंगोलियाकडे पाहिलं की ते आणखी पटतं: तिथे सुमारे पाच हजार वर्षं दूध-दुभत्यावर जगणारे लोक आहेत, घोडीचं आंबवलेलं दूध त्यांचं रोजचं पेय आहे, आणि लॅक्टेज टिकवणारा बदल त्यांच्यात आजही विरळ आहे.

निबंध युरोपपुरता आहे आणि तो आपली हद्द ओलांडत नाही. पण भारतीय वाचकाला पुढचा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे या अक्षराचा मोठा शोध २०१२ मध्ये झाला. टूमस किविसिल्ड, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे के. थंगराज आणि इरेन गालेगो रोमेरो यांच्या गटाने देशभरातल्या दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल हा युरोपातलाच ‘टी’ निघाला, आणि त्याचा उगमही एकच. वायव्येकडून आग्नेयेकडे येताना तो कमी कमी होत जातो, पशुपालक समाजांत जास्त दिसतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत दुधापेक्षा दही-ताकाला जे मानाचं स्थान आहे, त्याचा अर्थ या नकाशावर ठेवून पाहिला तर मनोरंजक ठरेल. बालरोगतज्ज्ञ लांबलेल्या हगवणीत बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगतात आणि वरच्या दुधाऐवजी दही द्यायला सुचवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही तेच आहे. दुबळ्या आतड्याला लॅक्टोजचा भार नको, हे निबंधात हजारो वर्षांच्या पटावर दिसतं ते बालरुग्णांच्या वॉर्डात आजही रोज दिसतं.

खापरांची परीक्षाही इथे सुरू झाली आहे. कच्छमधल्या कोटडा भडली या हडप्पाकालीन वस्तीच्या खापरांत कल्याण शेखर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये इ. स. पू. २५०० च्या सुमाराचं दूध दाखवून दिलं. म्हणजे आपल्या उष्ण मातीतही चरबी टिकते. डीएनए मात्र फार क्वचित टिकतो: राखीगढीच्या ज्या नमुन्याचा निष्कर्ष डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला, तो साठाहून अधिक नमुने तपासल्यावर हाती लागलेला एकच होता. त्यामुळे इथे खापरांचं मोल युरोपपेक्षाही जास्त आहे.

आणि खापरं आपल्याकडे आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर यांच्या काळात डेक्कन कॉलेजने कित्येक हंगाम उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान तिथे शेतकरी राहत होते, गुरं पाळत होते, सातू पिकवत होते. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेल्याने हे घडलं असं ढवळीकरांचं मत होतं. घरांच्या जमिनीखाली जोडमडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे मोठ्या संख्येने सापडली. गुरं, अवर्षण, बालमृत्यू आणि भरपूर मडकी: २०२२ च्या निबंधाचे प्रश्न विचारायला याहून योग्य जागा दख्खनमध्ये मला दिसत नाही. आपल्या विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी ते काम हाती घ्यावं.

तोवर वाचकांना एक विनंती. नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर, विहीर खणताना किंवा शेत नांगरताना जुनी खापरं वर आली, तर ती उकरत बसू नका, धुऊ नका, हाताने फार हाताळू नका, आणि प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच भरू नका. हाताचा घाम-तेल आणि प्लास्टिकमधली रसायनं त्या जुन्या चरबीत मिसळतात आणि नमुना बिघडतो. आहेत तिथेच ठेवून पुरातत्त्व विभागाला कळवा.